‘नाना’ नावाचा शेरा

फौजेतल्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर एक शेरा असतो. चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून जवान तो ‘नाना’ असा वाचतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस, फार तर पेशवाईतले फडणवीस. पण या कागदावरच्या नानाचा अर्थ असा, की ‘हा आजार लष्करी नोकरीमुळे झालेला नाही आणि लष्करी नोकरीमुळे वाढलेलाही नाही.’ म्हणजे आजार आहे हे कबूल. माणूस आता पूर्वीसारखा कामाचा नाही हेही कबूल. फक्त त्याच्याशी आमचा संबंध नाही!

हा शेरा पडला की डिसॅबिलिटी पेन्शन नाही. मग अपील, त्यावर दुसरं अपील, मग कोर्ट. आज मला या एका शेऱ्याचा आणि त्याच्या उलट बाजूला उभ्या असलेल्या एका नियमाचा इतिहास सांगायचा आहे. मी काही वकील नाही की डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवलेली बाई. पण सातारा जिल्ह्यात शिकवलं म्हणजे फौज ही काही लांबची गोष्ट राहत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका गावाचं नावच ‘मिलिटरी अपशिंगे’ पडलंय. वर्गातल्या शेवटच्या बाकावरची निम्मी पोरं भरतीला पळायची.

पहिल्यांदा हे समजून घेऊ, की भांडण कुठल्या आजारांवरून होतं. गोळी लागली, सुरुंगावर पाय पडला, तर सहसा कुणी प्रश्न विचारत नाही. जखम दिसते, तारीख असते, साक्षीदार असतात. खरी अडचण पाठीची आणि नसांची. कंबरेतली गादी सरकते, नस दबते, पायाला मुंग्या येतात, अंगठ्याशी बधिरपणा येतो. किंवा एका रात्री पहाऱ्यावर फिट येते आणि मग येतच राहते. यातलं बाहेरून काय दिसणार? माणूस समोर धडधाकट बसलेला असतो.

एक्स-रे काढला तर त्यात हाड दिसतं, गादी आणि नस दिसत नाही. डॉक्टर रुग्णाला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतात आणि कुठे कळ येते ते विचारतात. पण ‘इथं कळ येते’ हे शेवटी रुग्णानेच सांगायचं. एमआरआय आल्यावर हा प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. १९९४ साली अमेरिकेत पाठीचा काहीही त्रास नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले, तर निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यातली एखादी तरी गादी फुगलेली निघाली. म्हणजे गादी फुगलेली दिसली तरी दुखतंच असं नाही. मग नाना लिहिणाऱ्याला सोपं जातं. ‘वयोमानाने झालं असेल, प्रकृतीच तशी असेल.’

हा संशय मात्र फार जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाला टर्नर्स लेन नावाचं एक इस्पितळ होतं, खास नसांच्या जखमांसाठी. तिथे सायलस विअर मिचेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी गोळीने नस तुटल्यावर काय काय होतं याचा बारकाईने अभ्यास केला आणि १८६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जखम भरून आल्यावरही हातापायाची आग आग होते, तिला कॉझाल्जिया हे नाव पुढे याच मिचेलनी दिलं. नसांच्या दुखण्याचं आधुनिक शास्त्र इथून सुरू झालं म्हटलं तरी चालेल. आणि याच तिघा डॉक्टरांनी त्याच १८६४ साली आणखी एक निबंध लिहिला. विषय कुठला? नसांच्या आजाराचं सोंग घेणारे शिपाई कसे ओळखावेत! संशय आला तर शिपायाला ईथर हुंगवून गुंगीत पाहायचं, हाही त्यातला एक उपाय. दुखणं समजून घेणारी आणि दुखण्यावर अविश्वास दाखवणारी, दोन्ही शास्त्रं एकाच इस्पितळात, एकाच वर्षी लिहिली गेली. मला हे वाचून बराच वेळ पुढे वाचवेना.

आपल्या लोकांचंही या संशयात नाव आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांना हाताच्या जखमा फार होतात, त्या ते मुद्दाम स्वतःच करून घेतात अशी कुजबूज १९१४ च्या हिवाळ्यात सुरू झाली. इंग्लंडात ब्रायटनला हिंदी जखमींसाठी किचनेर इंडियन हॉस्पिटल होतं. तिथले प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ मध्ये तब्बल एक हजार जखमा एकेक करून तपासल्या. निष्कर्ष काय, तर या आरोपाला आधार नाही. पण आधी संशय घेतला आणि मग हजार जखमा मोजल्या, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता त्या नियमाकडे येते. त्याचा जन्म १९४३ चा, लंडनमधला.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये नियम असा होता, की आजार युद्धसेवेमुळे झाला हे शिपायाने दाखवून द्यायचं. आता कॅन्सर, क्षय, फिट्स हे नेमके कशामुळे झाले हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं, ते पंचविशीतला शिपाई कुठून सांगणार? माजी सैनिकांच्या संघटना आणि पार्लमेंटचे सदस्य यांनी ओरड केली. भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी तपासून धडधाकट म्हणून घेतलं ना, मग बाहेर पडताना आजारी असेल तर जबाबदारी तुमची, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. अखेर १९४३ मध्ये सरकार नमलं. नवीन राजपत्रात पुराव्याचं ओझं शिपायावरून काढलं आणि ‘रास्त शंका असेल तर तिचा फायदा अर्जदाराला’ असं स्पष्ट घातलं. त्याच वर्षी पेन्शनच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणं करणारा कायदा झाला.

पण नियम बदलला म्हणून सवय बदलते का? न्यायाधिकरणं जुन्याच चालीने शिपायाकडे पुरावा मागत राहिली. ही अपिलं ऐकायला पुढे न्यायमूर्ती डेनिंग यांची नेमणूक झाली. (हेच पुढे लॉर्ड डेनिंग म्हणून जगप्रसिद्ध झाले.) त्यांनी १९४६-४७ च्या निकालांत सांगितलं, की नवीन नियमाचा अर्थ असा की आजार सेवेमुळे झाला नाही हे आता मंत्र्याने सिद्ध करायचं, शिपायाने नव्हे. ‘रास्त शंकेपलीकडे’ म्हणजे किती, याची जी व्याख्या आज आपल्याकडे फौजदारी खटल्यांतसुद्धा वकील सांगतात, ती त्यांनी १९४७ मध्ये दिली ती मिलर नावाच्या एका पेन्शनच्याच प्रकरणात. खुनाच्या खटल्यात वापरली जाणारी व्याख्या एका मृत सैनिकाच्या पेन्शनमधून आलीय, हे किती जणांना ठाऊक असेल?

स्वतंत्र भारतात सैन्याच्या पेन्शनचे नियम १९६१ चे. त्यातलं १७३ क्रमांकाचं कलम सांगतं, की आजार सेवेमुळे झालेला किंवा वाढलेला असावा आणि अपंगत्व किमान २० टक्के असावं. हे ठरवायचं कसं, त्याचे नियम १९८२ मध्ये झाले. ते वाचले तर १९४३ च्या लंडनचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, शब्द इतके सारखे आहेत. पाचवा नियम म्हणतो, भरतीच्या वेळी कागदावर काही नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं आणि पुढची घसरण सेवेमुळे झाली असं मानायचं. नववा म्हणतो, अर्जदाराकडे पुरावा मागायचा नाही, रास्त शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि फील्डवर नोकरी केलेल्याला तर जास्त सढळ हाताने द्यायचा. चौदावा म्हणतो, भरतीच्या वेळी नोंद नसलेल्या आजारामुळे कुणाला बाहेर काढावं लागलं, तर तो आजार साधारणपणे सेवेतच उद्भवला असं मानायचं. हा आजार भरतीच्या तपासणीत सापडणं शक्यच नव्हतं असं डॉक्टरांचं मत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते मत ‘कारणे नमूद करून’ द्यायचं.

‘कारणे नमूद करून.’ एवढ्याच तीन शब्दांवर पुढची तीस वर्षं झगडा चालला.

कारण बोर्डाच्या कागदावर कारण नसायचंच. छापील तक्त्यात प्रश्न असतो, आजार सेवेमुळे झाला का? उत्तर, नाही. सेवेमुळे वाढला का? नाही. का नाही ते लिहा, अशी जागा असते. तिथे ‘शारीरिक प्रकृतीतला दोष’ अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द. झालं. परीक्षेत पोरांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल शाईने ‘कारण द्या’ लिहून पेपर परत केला असता.

मग हे कागद जायचे अलाहाबादला, द्रौपदी घाटावरच्या लेखा कचेरीत. (फौजी घरांत द्रौपदी घाट हा पत्ता पोस्टमनपासून आजीपर्यंत सगळ्यांना पाठ असतो. महाभारताशी त्याचा काही संबंध असेल तो असो, आमच्याकडे तो पेन्शनचा घाट.) त्या काळी एक प्रकार असाही घडायचा, की बोर्डाने जवानाला प्रत्यक्ष तपासून ‘आजार सेवेमुळे’ असं लिहिलं तरी हिशेबाच्या कचेरीतले वैद्यकीय सल्लागार जवानाचं तोंडही न बघता ते बदलायचे. माजी सॅपर मोहिंदर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९९३ मध्ये हे चालणार नाही असं बजावलं. ज्याने तपासलं त्याचं मत फिरवायचं तर पुन्हा तपासा, असा साधा विचार.

आता थोडं माझ्या एका विद्यार्थ्याबद्दल. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. १९८६ च्या सुमारास तोपखान्यात भरती झाला, नाशिक रोडला ट्रेनिंग. मध्यम तोपांवर होता. १३० मिलिमीटरच्या तोपेचा एकेक गोळा जवळपास ३३ किलोचा. बोफोर्सचा तर ४० किलोच्या वर जातो. हे गोळे हाताने उचलून, पाठ वाकवून, तोपेत घालायचे. सराव असेल तेव्हा दिवसभर. आपण गव्हाचं पोतं उचलायला हमाल बोलावतो. १९९७ मध्ये त्याची कंबर धरली. आधी मलम, मग गोळ्या, मग इस्पितळ. नस दबली, डाव्या पायाचा अंगठा बधिर. ‘कॅटेगरी लागली’ म्हणजे हलकं काम, बढतीला खीळ. मुदत भरून २००३ मध्ये बाहेर पडला, तेव्हा बोर्डाने २० टक्के अपंगत्व लिहिलं आणि पुढे नाना.

अपील फेटाळल्याचं दोन ओळींचं पत्र घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, “बाई, जमिनीवर मांडी घालून जेवता येत नाही मला. हे म्हणतात प्रकृतीच तशी. मग भरतीत सोळाशे मीटर पळालो तो कोण होता?”

मी म्हटलं, “अरे, मला इंग्रजी अर्ज कुठे येतोय?”

पण बसलो दोघं. शब्दकोश काढला. गावातल्या एका रिटायर्ड सुभेदारांनी १९८२ च्या नियमांची झेरॉक्स आणून दिली होती, तिच्यात मी पहिल्यांदा ते ‘कारणे नमूद करून’ वाचलं. आम्ही दुसऱ्या अपिलात तेवढंच विचारलं. या आजाराचं कारण बोर्डाने कुठे लिहिलंय ते दाखवा. वर्षभराने उत्तर आलं, पुन्हा दोन ओळींचं. कारण त्यातही नव्हतं. मग तो काही वर्षं गप्प बसला. शेतात काम होईना, एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. खुर्चीवर बसून कंबर आणखी धरायची ती वेगळीच.

त्यावेळी कोर्टात जायचं म्हणजे हायकोर्ट. वकिलाची फी आणि मुंबईच्या खेपा कुणाला परवडणार? सैनिकांसाठी वेगळं न्यायाधिकरण करणारा कायदा २००७ चा, ते प्रत्यक्ष सुरू झालं ऑगस्ट २००९ मध्ये. मुख्य पीठ दिल्लीत, आणि मुंबईसकट इतर शहरांत प्रादेशिक पीठं. देशभर हायकोर्टांत पडून असलेली प्रकरणं तिकडे गेली.

आणि मग आला २ जुलै २०१३ चा निकाल, धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार. गंमत अशी की हा खटला पाठीचा नाही, फिट्सचा आहे, पण पाठीवाले, नसांवाले सगळेच आता याच निकालाचा आधार घेतात. हा जवान १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाला आणि १९९४ मध्ये फिट्समुळे बोर्ड आऊट झाला. नोकरी जेमतेम नऊ वर्षं, अपंगत्व २० टक्के. जवानाला साधं पेन्शन मिळायला १५ वर्षं लागतात. म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शन नाकारलं की दरमहा हातात काहीच नाही, आणि फिट येणाऱ्या माणसाला बाहेर नोकरी कोण देतं? गाडी चालवायला मनाई, यंत्रावर मनाई, उंचावर मनाई. हायकोर्टात एका न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारने वर अपील केलं, खंडपीठाने तो फिरवला. मग तो सुप्रीम कोर्टात गेला.

सुप्रीम कोर्टाने केलं काय, तर १९८२ चे नियम समोर ठेवून वाचले. बस्स, एवढंच! भरतीच्या वेळी आजाराची नोंद आहे का? नाही. मग तो निरोगी होता असं धरायचं. हा आजार तेव्हा सापडणं शक्य नव्हतं असं बोर्डाने कारण देऊन म्हटलंय का? नाही, कारणच दिलेलं नाही. पुरावा देण्याचं ओझं कुणावर? मालकावर, म्हणजे सरकारवर. शंकेचा फायदा कुणाला? जवानाला. पेन्शन द्या. जवान बाहेर पडून १९ वर्षं झाली होती.

मी तो निकाल माझ्या भाच्याकडून छापून घेऊन वाचला. कायद्याचं इंग्रजी जड असतं, पण इथे नवीन असं काही नव्हतंच. जे १९४३ मध्ये लिहिलं, १९८२ मध्ये पुन्हा लिहिलं, तेच २०१३ मध्ये देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.

त्यानंतर दोन वर्षांत धडाधड निकाल आले. आजारामुळे नोकरीतून काढावं लागलं याचाच अर्थ अपंगत्व २० टक्क्यांच्या वर होतं, असं २०१४ मध्ये म्हटलं गेलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राम अवतार खटल्यात टक्केवारीच्या गोलाकारीचा प्रश्न सुटला. ही गोलाकारी समजून घेण्यासारखी आहे. अपंगत्व २० टक्के की ३० टक्के यावर डॉक्टरांत वाद नको म्हणून ५० च्या आत असेल तर ५० धरा, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १०० असं पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारनेच ठरवलं होतं. आदेश जानेवारी २००१ चा. पण तो फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना लावला. आजार घेऊन मुदत पुरी केलेल्यांना नाही. कोर्टाने म्हटलं, दोघांनाही लावा. फरक किती पडतो? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के हा हिशेब धरला, तर २० टक्केवाल्याला पगाराच्या ६ टक्के आणि ५० धरले तर १५ टक्के. माझ्या विद्यार्थ्याला याचा थेट फायदा झाला. दरम्यान त्याने न्यायाधिकरणात अर्ज केला होता, तो २०१६ मध्ये मंजूर झाला. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या फक्त तीन वर्षांची मिळाली. २००८ च्या तर्सेम सिंग निकालाप्रमाणे उशिरा येणाऱ्याला तेवढीच मिळते. ज्या वर्षांत तो थकून गप्प बसला होता ती वर्षं हिशेबातून गेली.

इतके निकाल लागूनही मंत्रालय हरलेल्या प्रकरणांत वर अपिलं करतच होतं. आपले गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली आणि तिने त्याच वर्षी अहवाल दिला. अपंगत्वाच्या प्रकरणांत जवानांना कोर्टात ओढणं थांबवा, असा त्यातला एक मुख्य सूर होता. त्याच २०१५ सालात दुसऱ्या बाजूने एक दार बंदही झालं. न्यायाधिकरणात हरल्यावर हायकोर्टात जाता येणार नाही, थेट सुप्रीम कोर्टात, आणि तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असेल तरच, असा निकाल लागला. आता कंबरदुखीच्या वॉचमनने सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न कुठून आणायचा? ते दार पुन्हा उघडलं मार्च २०२३ मध्ये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास नव्हे, गाऱ्हाणं होईल. डिसॅबिलिटी पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो अशी तक्रार आहे आणि ती अगदीच निराधार नसावी. रक्तदाब, मधुमेह अशा आजारांवर निवृत्तीच्या तोंडावर अपंगत्व लावून घेतलं जातं, असं खुद्द लष्करातूनच बोललं गेलं. महालेखापालांच्या २०२३ मधल्या अहवालात दिसतं, की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये हे पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त आहे. मला या आकड्यात गैरफायद्यापेक्षा वेगळंच काही दिसतं. गोळे अधिकारी जास्त उचलतात की जवान? मग टक्केवारी उलटी का? मला वाटतं, कागद कसा भरायचा, कुठल्या तारखेला कुठल्या डॉक्टरकडे नोंद करून ठेवायची, बोर्डासमोर काय बोलायचं, हे ज्याला कळतं त्याचा नाना पुसला जातो. माझ्या त्या शेवटच्या बाकावरच्या पोरांना हे कुणी शिकवलं नाही. दुखलं तरी ‘ठीक हूँ साब’ म्हणून ती रांगेत उभी राहिली, आणि पुढे त्याच कागदावर ‘दुखण्याची जुनी नोंद नाही’ असं निघालं.

सप्टेंबर २०२३ मध्ये नवीन नियम आले, त्या तारखेनंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी. मुदत पुरी करणाऱ्यांच्या बाबतीत आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा नवा शब्द आहे. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यावर टीका केली, लष्कराने समर्थन केलं. त्याची कोर्टातली परीक्षा व्हायची आहे, म्हणून मी त्यावर जास्त लिहीत नाही.

मात्र जुनी प्रकरणं अजून येतातच. २२ एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आणखी एका जवानाचा निकाल दिला. १९८५ मध्ये भरती, सियाचीनमध्ये नोकरी, तिथे फिट्स सुरू, १९८९ मध्ये बाहेर. बोर्डाने अपंगत्व २० टक्क्यांच्या किंचित आत लिहिलं आणि सेवेशी संबंध नाही म्हटलं. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला होता. सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच नियम वाचले, पुन्हा तोच प्रश्न विचारला, की बोर्डाने कारण कुठे दिलंय? आणि पेन्शन मंजूर केलं. जवान बाहेर पडून ३६ वर्षं झाली होती. वयाच्या विशीतल्या पोराचा अर्ज साठीच्या म्हाताऱ्याला मंजूर झाला.

आमच्या नात्यागोत्यात आणि गावाकडे जे माजी सैनिक आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. १ जानेवारी २००८ नंतर जे बाहेर पडले त्यांना १९८२ चे नव्हे, २००८ चे नियम लावतात. त्यातही अर्जदाराकडे साधारणपणे पुरावा मागायचा नाही असं आहे, पण पुढे एक शेपूट जोडलंय. बाहेर पडून १५ वर्षं झाल्यावर अर्ज केला आणि तोवर नोकरीचे कागद नियमाप्रमाणे नष्ट केले गेले असतील, तर सिद्ध करण्याचं ओझं अर्जदारावर. म्हणजे कागद नष्ट करणार ते, आणि पुरावा द्यायचा आपण. तेव्हा भरतीच्या मेडिकलची, इस्पितळातल्या प्रत्येक भरतीची आणि शेवटच्या बोर्डाची नक्कल आताच मागून ठेवा. माहितीच्या अधिकारात मागता येते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. २००८ मध्ये बाहेर पडलेल्यांची पंधरा वर्षं २०२३ मध्येच भरली. २०११ वाल्यांची २०२६ मध्ये भरतात.